पत्र्यापलीकडचा बॉयलर

मिलिंद, तुझ्या पुण्यानुमोदनाला गुलाटीजी आले आणि सगळ्यांसमोर त्यांनी तुला एक जंगल देऊन टाकलं.

तू ऐकायला नव्हतास, म्हणून सांगते. फरीदाबादच्या आपल्या सेक्टरमधला कम्युनिटी हॉल. पांढऱ्या साड्या, पांढरे शर्ट, समोर बुद्धमूर्ती आणि शेजारी तुझा तो फोटो, ज्यात तू कॅमेऱ्याकडे न बघता कुठल्यातरी पाइपाकडे बघतोयस. वंदना झाली, पंचशील झालं. वर्ध्याहून आलेला तुझा भाऊ बोलायला उभा राहिला आणि रडायलाच लागला. मग गुलाटीजी उठले. पानिपतला ज्यांच्या रंगाईच्या कारखान्यात तू इतकी वर्षं चपला झिजवल्यास, तेच. माइक हातात घेऊन म्हणाले, "मिलिंद सरजी की याद में हम एक स्मृतिवन लगा रहे हैं। पत्थर पर उनका नाम होगा। और इन्हीं पेड़ों से हमारी फैक्टरी इसी साल नेट झीरो हो जाएगी। सरजी का यही सपना था।" हॉलमध्ये हुंदके ऐकू यायला लागले. प्रज्ञावहिनींनी, तुझ्या बायकोनं, हात जोडले. माझी मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. तुझ्या कार्यात तमाशा नको म्हणून पदर मुठीत आवळून बसून राहिले.

नेट झीरो. आधी धूर कमी करा, जितका होईल तितका करा, आणि जो काही केल्या जात नाही त्याचीच तेवढी झाडंबिडं लावून भरपाई करा. सगळा जीव त्या 'आधी'त आहे, हे तू शेकडो माणसांना सांगितलंस. गुलाटीजींना तर त्यांच्याच ऑफिसात, त्यांचेच काजू खात सांगितलंस. आणि तुझ्याच फोटोसमोर तो माणूस तुझं स्वप्न म्हणून 'आधी' वगळून सांगत होता.

चहाच्या वेळी ते माझ्याजवळ आले. डोळे खरंच ओले होते त्यांचे, खोटं कशाला बोलू. म्हणाले, "मैडम, सरजी की रिपोर्ट तैयार पड़ी है। बस आपके साइन चाहिए। उनको श्रद्धांजलि समझ के कर दीजिए।" आपल्या ऑफिसात सही करणारी आता मी एकटीच. मी कप खाली ठेवून बाजूला झाले. त्यांना वाटलं, दुःखात आहे बिचारी.

दुःख आहेच, पण ते नंतर. आधी मी रागावलेय, आणि सगळ्यात जास्त तुझ्यावर. गेलेल्या माणसाला बोल लावू नये म्हणतात. म्हणोत बापडे. पानिपतहून येताना गाडीत तू छाती चोळत होतास. मी विचारलं तर म्हणालास, "ॲसिडिटी आहे." गाडी थांबवून जलजीरा प्यालास. मी म्हटलं, सरळ हॉस्पिटलात जाऊ. तर तू, "उद्या जातो ना बाप्पा, काहून एवढी तापतेस?" कारखान्यात गळका सांधा दिसला की त्याच दिवशी बंद करा म्हणून मालकांच्या मानेवर बसणारा माणूस, स्वतःच्या छातीला मात्र उद्याचा वायदा देतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान. पुढचं मी बोलत नाही.

आपण पहिल्यांदा भेटलो तेही भांडतच. दिल्लीत, मुनिरक्याच्या त्या घरमालकाच्या जिन्यात, पाण्याच्या मोटरीवरून. मी लातूरची, तू वर्ध्याचा, दोघंही स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत बुडालेले. मोटर चालू राहून टाकी वाहायची आणि घरमालक म्हणायचा, "पानी ही तो है।" तू एक दिवस गच्चीवर चढून टाकीत कसला तरी तरंगता गोळा बसवून आलास. पाणी वाहायचं थांबलं, पण घरमालकानं 'टंकी से छेड़छाड़' म्हणून आपल्या दोघांवर आरडाओरडा केला, कारण जिन्यात उभं राहून तुला शिव्या घालणारी मी त्याला तुझी साथीदार वाटले. परीक्षेत तू नापास झालास, मीही झाले. तू मात्र तोंड पाडून बसला नाहीस. फरीदाबादला एका कारखान्यात मेंटेनन्सला लागलास आणि वर्षभरात मला म्हणालास, "सुषमा, या लोकांचं अर्धं इंधन वाऱ्यावर जाते. आपण ऑफिस काढू."

तेव्हा कार्बन हा शब्द कोणी काढत नव्हतं. बाजार नुकता खुला झाला होता, जो तो काहीतरी उघडत होता, आपणही मिठाईच्या दुकानावरच्या खोलीत पाटी लावली: वीज आणि इंधन बचत सल्लागार. मालक लोक आपल्याला बघून हसायचे. "बिजली बचाने के लिए भी आदमी रखूँ?" गुडगावात शेतांवर काचेच्या इमारती उभ्या राहायला लागल्या तेव्हा तर तुझी झोप उडाली. पश्चिमेला तोंड करून नुसती काच. आत मे महिन्यात पोरी शाली पांघरून कॉम्प्युटरसमोर बसलेल्या, आणि मागच्या बाजूला रस्त्यावर धूर सोडणारे जनरेटर. तू एका बिल्डरला विचारलंस की काचेवर सावली का नाही धरत. तो म्हणाला, "सरजी, फिर अमरीका जैसा नहीं लगेगा।" परतीच्या वाटेवर तू इतका हसलास, इतका हसलास. ती इमारत अजून तशीच आहे, फक्त तिच्या दारात हिरव्या पानाचं एक प्रमाणपत्र लागलंय.

मला तुझं खरं काम कळलं ते पानिपतला. गुलाटीजी तेव्हा नवीन होते, केस काळे होते. आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी तू मला तिथे घेऊन गेलास. मी वैतागले होते. कारखाना बंद असताना बघायचं काय? तू म्हणालास, "बघायला नाही, ऐकायला." सगळी यंत्रं थांबलेली, माणूस नाही, फक्त कोपऱ्यातला हवेचा कॉम्प्रेसर तेवढा तू चालू ठेवायला लावला होतास. आणि त्या रिकाम्या शेडमध्ये फस्स, फस्स, फस्स, सगळ्या बाजूंनी. हवा वापरणारं कोणी नाही, तरी कॉम्प्रेसरला उसंत नाही. मग तू पिशवीतून वाटी आणि दाढीचा ब्रश काढलास. साबणाचा फेस करून एकेका सांध्याला असा हळूच लावलास की जणू कोणाची दाढी करायला बसलायस. जिथे गळती तिथे बुडबुडे. तू लहान पोरासारखा मला हाका मारत होतास, "ये, ये, इथे बघ." वीज आणि तिच्यामागचा कोळसा कुठे कुठे उगाच जळतो हे मला त्या बुडबुड्यांत दिसलं. त्या एका दिवसासाठी मी तुझी जन्मभर आभारी आहे. हे तुला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू डोक्यावर बसला असतास.

गुलाटीजींनी तुझं ऐकलंही. वाफेचे पाइप झाकून घेतले, गरम पाणी गटारात सोडायचं थांबवलं. कोळसा कमी झाला, दिसण्यासारखा कमी झाला. ते पक्के व्यापारी आहेत, पण दुष्ट नाहीत, हे तू मला इतक्यांदा ऐकवलंस की माझं डोकं उठायचं. मग परदेशातली गिऱ्हाइकं बदलली. त्यांच्या चादरी-टॉवेल घेणारे विचारायला लागले, नेट झीरो कधी? बॉयलर बदलायचा तर मोठा खर्च, मोठी कटकट. आणि गेल्या हिवाळ्यात त्यांनी ती पत्र्याची भिंत उभी केली.

आठवतं ना? आपण गेलो तर बॉयलर गायब. अंगणात मधोमध निळा पत्रा, त्यावर कुठल्याशा नव्या कंपनीची पाटी. बॉयलर तिथेच, चिमणी तीच, कोळशाचा ढीग तोच. फक्त पत्र्याला एक भोक पाडून त्यातून वाफेचा पाइप इकडे आलेला. गुलाटीजी म्हणाले, बॉयलर आता ठेकेदाराचा आहे, आम्ही फक्त वाफ विकत घेतो, म्हणजे आमचा धूर निम्म्याहून कमी झाला. विकत घेतलेल्या वाफेचा धूरही आपल्याच माथी धरायचा असतो, हे त्यांना तूच शिकवलं होतंस. ताकाला जाऊन भांडं लपवतात, इथे तर आख्खा बॉयलर लपवला. मी तिथल्या तिथे बोलणार होते, तू माझ्या कोपराला धरून बाहेर आणलंस.

हायवेवरच्या ढाब्यावर आपण भांडलो. मी म्हटलं, सोड हे गिऱ्हाईक, आजच्या आज सोड. तू पराठ्याचे तुकडे करत बसलास. म्हणालास, "बाहेर पडलो तर उद्या दुसरा कोणीतरी सही करून देईल. आत राहिलो तरच काही होते." मी म्हटलं, तू सही करत नाहीस, सोडतही नाहीस, मग करतोस तरी काय? "थांबतो," म्हणालास. "माणूस लाजतो कधी ना कधी." मी टेबलावर हात आपटला, तेव्हा शेजारचे ट्रकवाले बघायला लागले. "पुढच्या खेपेला बोलू," म्हणालास. पुढच्या खेपेला तुला ॲसिडिटी झाली.

आणि आता बघ, माणूस कसा लाजला ते. तुझ्या नावानं जंगल लावून.

मला वाटलं होतं, वहिनींना दोन दिवसांत सांगून टाकीन. जमेना रे. मी घरी जायचे, तर त्या झाडांबद्दल बोलत असायच्या. "मी पिंपळ लावायला सांगितलाय, सुषमाताई. बोधिवृक्ष. बाकी त्यांनी काय हवं ते लावावं. ह्यांना कुंडीतली तुळसही जगवता आली नाही कधी, आता आख्खं वन मिळालं." आणि हसायच्या. तू गेल्यापासून त्या हसत होत्या त्या एवढ्याच एका गोष्टीवर. तिकडे गुलाटीजींचे फोन. पत्थर तयार आहे, उद्घाटन ठरवायचंय, साइन कब करेंगी. मी सही केली असती तर तुझं नाव त्या खोट्यावर कायमचं कोरलं गेलं असतं. नसती केली, तर वहिनींच्या हातातून मीच पिंपळ काढून घेतला असता. तू मला अशा ठिकाणी उभं करून गेलास. कधी कधी वाटतं, समोर असतास तर वाटी आणि ब्रश दोन्ही तुझ्या डोक्यात घातले असते.

शेवटी सांगितलं. स्वयंपाकघरात, त्या मटार सोलत होत्या, मीही सोलायला बसले आणि सांगितलं. बॉयलर, पत्रा, भोक, सगळं. मला वाटलं त्या रडतील, किंवा म्हणतील, राहू दे ना ताई, माणूस तर गेला. त्या मटार सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आमच्या मंत्रालयातल्या शिपायांसारखं."

मला कळेना. त्या म्हणाल्या, "मी दिल्लीत सेक्शन ऑफिसर होते तेव्हा वरून हुकूम आला, शिपाई कमी करा. कागदावर शिपाई संपले. दुसऱ्या दिवशी तोच माणूस, त्याच स्टुलावर, तीच किटली घेऊन. फक्त आता तो ठेकेदाराचा. पगार मात्र निम्मा. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या." आणि शेंग तशीच हातात धरून म्हणाल्या, "मला तो पत्रा बघायचाय."

मी गाडी काढली. वहिनी पांढरी साडी नेसून, सबंध रस्ता खिडकीबाहेर बघत. गुलाटीजी दारापर्यंत आले, वाकून नमस्कार केला, चहा, काजू, सगळं मांडलं. दगड दाखवायला आणला. छान दगड होता, काळा, तुझं नाव सोनेरी अक्षरांत. वहिनींनी त्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "जरा बॉयलर दिखाइए।"

"वो तो मैडम, अब हमारा है नहीं। ठेकेदार का है।"

"तो बाहर से दिखा दीजिए।"

अंगणात आलो. निळा पत्रा, त्याच्यावरून डोकावणारी चिमणी, आणि धूर. वहिनी बराच वेळ मान वर करून बघत राहिल्या. मग त्यांनी अगदी सरकारी आवाजात, फायलीवर शेरा मारावा तशा शांतपणे विचारलं, "यह धुआँ किसका है?"

"ठेकेदार का, मैडम।"

"और भाप?"

"भाप तो हमारे काम आती है।"

"और पेड़?"

गुलाटीजी जरा अडखळले. "पेड़ हमारे हैं। मतलब, सरजी के हैं।"

"अच्छा," वहिनी म्हणाल्या. "भाप आपकी, पेड़ आपके, धुआँ ठेकेदार का।"

कोळसा टाकणारे दोघे पत्र्यापलीकडे आपापसात हसत होते, कशावरून ते देव जाणे. वहिनी पत्र्याजवळ गेल्या, हाताच्या पंजानं त्याच्यावर दोनदा थापटलं. म्हणाल्या, "साहब का नाम लगाना ही है तो वह पत्थर यहाँ लगवाइए। इसी टीन पर।"

गुलाटीजींना आधी वाटलं थट्टा आहे. हसले. मग हसू तसंच राहिलं चेहऱ्यावर आणि कुठे न्यावं ते कळेना. "मैडम, आप अभी दुख में हैं, भावना में..."

"भावना नहीं है, गुलाटीजी। पता ठीक करवा रही हूँ। उन्होंने काम यहाँ किया था। जंगल तो उन्होंने देखा भी नहीं।"

मिलिंद, मी तुझ्या बायकोला इतकी वर्षं ओळखते, पण त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की तुझी ती थांबायची ताकद कुठून येत होती. फरक एवढाच, की त्या थांबत नाहीत. मीही मग सांगून टाकलं, सही करीन, पण वाफेचा धूर तुमच्या नावावर मांडून. गुलाटीजी पत्र्याकडे बघत राहिले. लाजले का? मला वाटतं, लाजले. क्षणभर. तू म्हणायचास तसे. पण लाजून माणूस सुधारतोच असं नाही रे, कधी कधी तो फक्त दुसरा सल्लागार बघतो.

त्यांनी तेच केलं. गुडगावच्या कुठल्याशा मोठ्या ऑफिसातून पोरं आली, टाय-बिय लावून. सही झाली. कारखाना नेट झीरो झाला, पेपरात फोटो आला, जंगलाला आता त्यांच्या आईचं नाव आहे. धूर पत्र्यावरून निघतोच आहे. तर तुझंही खरं झालं आणि माझंही, आणि दोघांचं मिळून काही झालं नाही. तू असतास तर म्हणाला असतास, "अजून थोडं थांबलो असतो तर." आणि मी परत टेबलावर हात आपटला असता. तो वाद मला एकटीला घालता येत नाही, हीच तर खरी चीड आहे. बाकी सगळ्या चिडी मी सांभाळून घेईन.

ऑफिस मी चालू ठेवलंय. सुट्टीच्या दिवशी कारखान्यात जाते, ऐकते. वाटी तुझी, ब्रश तुझा. माझ्या कानाला तुझ्याइतक्या गळत्या ऐकू येत नाहीत, पण येतात.

गेल्या रविवारी मात्र पानिपत-बिनिपत काही नाही, वहिनींनी मला सेक्टरच्या पार्कात बोलावलं. त्यांनी नर्सरीतून पिंपळाचं रोप आणलं होतं. माळ्यानं खड्डा करून दिला, आम्ही दोघींनी रोप लावलं. पाटी नाही, दगड नाही, नाव नाही. तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी फिरायला आले. त्यांना फार आनंद झाला. मोबाइल काढून म्हणाले, "मैडम, फोटो लेता हूँ। इस साल अपना सेक्टर भी ग्रीन कॉम्पिटिशन में नाम भेज रहा है, यह पेड़ भी जोड़ देंगे।"

वहिनींनी मातीचे हात वर न करताच मान हलवली.

"नहीं भाईसाहब," त्या म्हणाल्या, "इसे गिनना मत।"